मागच्या बोळातली मंजिरी

आमच्या घरामागे एक बोळ आहे. एका बाजूला आमची भिंत, दुसऱ्या बाजूला गोदामाची उंच भिंत, आणि मध्ये दोन माणसं अंग चोरून एकमेकांना ओलांडतील एवढीच माती. सकाळी ऊन तिथे जेमतेम डोकावून निघून जातं. गोदामाच्या छपराचं पाणी तिथेच उतरतं, त्यामुळे माती बारा महिने ओली. लग्न होऊन आल्यापासून त्या बोळात मी काय काय लावलं ते सांगत बसले तर संध्याकाळ होईल. गुलाब लावला, तो कुजला. झेंडू लावला, तो नुसता उंच होत गेला, फूल म्हणून धरलं नाही. शेवटी शेवाळ सोडून तिथे कुणी तग धरेना, तेव्हा मी हात टेकले.

कोपऱ्यावरच्या रोपवाल्यापाशी मी एकदा ही रड गायले. तो म्हणाला, "वहिनी, तुम्ही त्या जागेशी भांडत बसलाय. तिला जे आवडतं ते द्या की." मग त्याने मला एक झुडूप सांगितलं. परदेशातून आणलेलं वगैरे काही नाही, आपल्याकडचंच, ओढ्याकाठी मोठ्या झाडांच्या सावलीत आपोआप वाढणारं. बाकीची बाग भर उन्हाळ्यात माना टाकते तेव्हा हे फुलतं. पांढऱ्या, उभ्या मंजिऱ्या येतात. "आणि वास म्हणाल तर मधासारखा, मागे लवंगेची झाक," तो म्हणाला. त्याचं लांबलचक नावही त्याने सांगितलं, ते मी घरी पोचेपर्यंत विसरले. आम्ही त्याला मंजिरीच म्हणायला लागलो.

त्या वेळी आमचे हे माझ्या शेजारीच उभे होते. वासाचं वर्णन ऐकून यांनी रोपाची पिशवी उचलून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "घे." यांनी स्वतःहून काही विकत घ्यायला सांगण्याची ही पहिलीच वेळ.

याचं कारण असं, की आमच्या घरात वास ही साधी गोष्ट नाही. हे साबणाच्या फॅक्टरीत आहेत आणि तिथे यांचं काम वास घेण्याचं. तेल आलं की हे हुंगणार, अत्तर आलं की हे हुंगणार, साबणाची खेप तयार झाली की ती हुंगणार. यांनी मान हलवली की माल पुढे जातो, नाक मुरडलं की परत. फॅक्टरीत सगळे यांना 'नाक'च म्हणतात. मी नाकराव म्हणते, तोंडावरसुद्धा. दूध नासणार आहे हे नाकरावांना दुधाच्या आधी कळतं. पाहुणा जिन्यात असतानाच कोण आलंय ते सांगतात. माझी नणंद आमच्याच घरात वरच्या मजल्यावर राहते. ती काही तळायला घ्यायची झाली तर आधी खिडक्या लावून घेते, नाहीतर दादा खालून मीठ कमी पडलंय म्हणून ओरडतो असं तिचं म्हणणं. मिठाला वास नसतो हे मी तिला किती वेळा सांगितलं, पण तिचा विश्वास दादावर. माझं तरी काय वेगळं होतं? इतक्या वर्षांच्या संसारात मी यांच्याशी प्रत्येक विषयावर भांडले, वास सोडून.

रोप लावलं ते थंडीत. रोप कसलं, चार वाळक्या काड्या होत्या. रोपवाल्याने बजावलं होतं, "याला चुना चालत नाही." म्हणून भिंतीवरून गळलेले पोपडे मी मातीतून एकेक वेचून काढले. कुजलेला पालापाचोळा भरला. याची मुळं वरच्या वर पसरतात, म्हणून बुंध्याशी खुरपं घालायचं नाही, पाय द्यायचा नाही. पाणी मात्र तुटू द्यायचं नाही. नणंद वरून बघून म्हणाली, "काड्यांचे एवढे लाड?"

थंडी सरली, गल्लीतल्या झाडाझुडपांना पालवी फुटली, आमच्या काड्या काड्याच राहिल्या. मी वाट बघून बघून चिडले आणि एक दिवस उपटायलाच गेले. नाकराव मागून आले, खाली बसले, नखाने काडीची साल जराशी खरवडली आणि नाक लावून म्हणाले, "जिवंत आहे. कच्च्या लाकडाचा वास येतोय. थांब थोडी." मी थांबले. आणि खरोखरच सगळ्यांच्या मागून, अगदी आळशासारखी, तिला पानं फुटली. त्या उन्हाळ्यात फूल आलं नाही, पण अंग धरलं. बाजूने दोन नवे फुटवेही निघाले.

पुढच्या हिवाळ्यात नाकराव तापाने पडले. ताप साधा नव्हता. तो उतरला तेव्हा माणूस अर्धा झाला होता आणि वास पुरता गेला होता. जेवताना म्हणायचे, "ओला कागद चावल्यासारखं वाटतं." डॉक्टर म्हणाले, येईल परत, कुणाचा लवकर येतो, कुणाचा उशिरा, कुणाचा येतच नाही.  फॅक्टरीने जागा राखून ठेवली होती, पण किती दिवस ठेवणार? नाकाची जागा नाकासाठी.

त्या दिवसांत मी घरात काय काय यांच्या नाकाखाली धरलं! कॉफी, संत्र्याची साल, निलगिरीचं तेल. हे मान हलवायचे, नाही म्हणून. आणि मग एका सकाळी चहा पिताना एकदम म्हणाले, "आला. वास आला." माझ्या जिवात जीव आला. मी ती बातमी गल्लीभर केली. आठवड्याभरात नाकराव कामावर रुजू झाले. मीही मंजिरीकडे वळले. हिची फुलं नव्या फांदीवर येतात, म्हणून पालवी फुटायच्या आधी थोडी छाटून घेतली आणि पाचोळ्याचा नवा थर दिला.

उन्हाळा लागला आणि फॅक्टरीत भानगड झाली. बाजारात गेलेले साबण परत यायला लागले. वडीवर पिवळे डाग आणि वास खवट. तेल खराब होतं हे उघड होतं, प्रश्न एवढाच की ते कुठे खराब झालं. तर तेल आलं त्या दिवशी नाकाने मान हलवली होती. नाकाने पास केलं म्हणजे तेल चांगलंच आलं. मग ते बिघडलं कुठे? कोठीत. झाकणं नीट लावली नसतील, पिंपं उन्हात राहिली असतील. आणि कोठी सांभाळतात ते यांचे जुने मित्र. मी त्यांना भाऊजी म्हणते. वयाने यांच्याहून लहान, सुट्टीच्या दिवशी हमखास आमच्याकडे चहाला. त्यांना चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं, आणि शनिवारी मोठे साहेब निर्णय देणार असं ठरलं. निर्णय काय होणार ते शेंबड्या पोरानेही सांगितलं असतं.

नाकरावांचं जेवण तुटलं. मला वाटलं, मित्रासाठी जीव तुटतोय. मी म्हटलं, "साहेबांशी बोला ना." म्हणाले, "काय बोलू? मी पास केलं ते केलं." मी सहज विचारलं, "तुमचं नाक ठीक आहे ना हो आता?" तर ताट सरकवून उठले. भरल्या ताटावरून उठलेले मी यांना कधी पाहिले नव्हते. मीही फणकाऱ्याने ताट उचललं आणि तो विषय तिथेच राहिला.

त्याच आठवड्यात मंजिरी फुलली. सकाळी मागचं दार उघडलं तर बोळाच्या अर्ध्या अंधारात पांढऱ्या मंजिऱ्या उभ्या. दीड वर्ष राबले होते, मी जवळजवळ धावतच गेले आणि नाक खुपसलं.

काही नाही. ओल्या मातीचा वास, शेवाळाचा वास, फुलाचा नाहीच.

एवढ्यात नाकराव दाराशी आले. डोळे मिटून त्यांनी लांब श्वास घेतला. "वा! काय वास सुटलाय. मधासारखा. आणि मागे लवंगेची झाक आहे बघ."

मी पुन्हा नाक खुपसलं. पुन्हा काही नाही. आता आमच्या घरची रीत अशी, की यांना वास आला म्हणजे वास आहे. तेव्हा माझ्या मनात एकच गोष्ट आली, की माझं नाक गेलं.  यांचं जरा कुठे मार्गी लागलं आणि आता माझं सुरू झालं! मी यांना काही बोलले नाही. हे कामावर गेल्यावर मी घरभर वास घेत फिरले. लसूण हुंगला, आला. फिनेलची बाटली हुंगली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत आला. नाकरावांचे मोजे हुंगले आणि पस्तावले. मग मी स्वतःची समजूत घातली, की माझे मोठे वास शाबूत आहेत, नाजूक वास तेवढे गेले. डॉक्टरकडे जायचंही ठरवून टाकलं.

खात्री करायला नणंदेला खाली बोलावलं. तिने मंजिरीशी वाकून दोन-तीनदा हुंगून पाहिलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, "दादा काय म्हणाला?"

"मधासारखा म्हणाले. मागे लवंग."

"हां, मग आहे की," ती म्हणाली. "मंद आहे, पण आहे. लवंग तर चांगलीच येतेय." झालं, माझी उरलीसुरली आशाही गेली.

गुरुवारी दुपारी रोपवाला पाचोळ्याचं पोतं घेऊन आला. मी कौतुकाने त्याला बोळात नेलं. तो मंजिरीसमोर उभा राहिला, वाकला, सरळ झाला, एक पान उलटं करून पाहिलं, परत वाकला. मग त्याने डोक्यावरची टोपी काढली.

"वहिनी, घोळ झालाय. हे ते नव्हेच."

"म्हणजे?"

"हेही ओढ्याकाठचंच. शेजारी शेजारी वाढतात दोन्ही. फूल बरंचसं तसंच, पण पानाची मागची बाजू वेगळी. थंडीत दोन्हींच्या नुसत्या काड्या असतात, आणि पालवीही दोन्हींना उशिरा. मी काड्यांवरून दिलं आणि चुकलो. याला वास नसतो."

"मंद असेल."

"मंद नाही, नसतोच. बघा ना, एक मधमाशी तरी आहे का? तुम्हाला येतो का वास?"

"मला नाही येत. पण यांना आला."

रोपवाला काहीतरी बोलायला गेला आणि थांबला. नाकरावांचं नाक त्यालाही ठाऊक होतं. त्याने टोपी परत घातली, "येत्या थंडीत खरं रोप आणून देतो, हे शेजारी राहू द्या," असं काहीतरी पुटपुटला आणि पोतं ठेवून निघून गेला.

मी मागच्या पायरीवर बसले. पहिल्यांदा मला हायसं वाटलं, हे कबूल करते, माझं नाक धड होतं म्हणून. मग राग आला. मी फिनेल हुंगत फिरतेय आणि हे डोळे मिटून मध आणि लवंग सांगतायत! आणि मग भाऊजींचा विचार आला, आणि रागाची जागा भीतीने घेतली. यांना फुलाचा वास येत नाही, म्हणजे तेलाचाही आला नव्हता. मी वर बघून नणंदेला हाक मारली. "खरं सांग, त्या दिवशी तुला वास आला होता?"

ती खिडकीत आली. "नाही गं," ती म्हणाली. "दादा म्हणाला म्हणून मी म्हटलं."

नाकराव संध्याकाळी आले. हातपाय धुऊन बसले. मी एक मंजिरी तोडून आणली आणि यांच्यापुढे टेबलावर ठेवली.

"हिचा वास कसा आहे, सांगा."

"सांगितला ना तुला. मध, मागे लवंग."

"रोपवाल्याने अगदी हेच सांगितलं होतं, रोप घेतलं तेव्हा, तुमच्यासमोर. तो आज आला होता. त्याने दुसरंच रोप दिलं होतं. हिला वास नाही."

नाकरावांनी मंजिरी उचलली, नाकाशी नेली नाही, नुसती बोटांत फिरवली. "मग तू तेव्हाच का नाही बोललीस?"

"मला वाटलं, माझंच नाक गेलं."

हे हसायला गेले आणि ते काही हसू निघालं नाही. मग हळूहळू बोलायला लागले. त्या सकाळी चहाचा वास खरंच आला होता, अगदी क्षणभर. त्यांना वाटलं, आता येईल. मग रोज वाटत राहिलं, उद्या येईल. कामावर तेलाचा रंग बघायचे, बोटांवर चोळून बघायचे, बाकीच्यांचे चेहरे बघायचे आणि मान हलवायची. "त्या तेलवाल्याकडून तेल कधी खराब आलंच नव्हतं. म्हणून मी हलवली मान."

"मला सांगायचं होतंत."

"तुला काय सांगू? घरात शिरतो तेव्हा कुणाच्या घरात आलोय ते कळत नाही. तू शेजारी झोपतेस आणि तुझा वास येत नाही. डोळे मिटले की तिथे कुणीच नसतं. हे कसं सांगायचं असतं?"

मी रडणाऱ्यांतली नाही. पण तेव्हा रडले, आणि चांगली रडले. हा माणूस महिनोन् महिने माझ्या शेजारी एकटा पडला होता आणि मी गल्लीला पेढे वाटल्याच्या थाटात बातम्या देत होते. मला यांची इतकी दया आली, की भाऊजींचं नाव काढूच नये असं वाटलं. कुणाला कळणार होतं? रोपवाला बोलणारा नाही, नणंद दादाच्या विरुद्ध बोलणारी नाही. शनिवारी निर्णय होईल आणि विषय संपेल. एवढं सगळं मनात येऊन गेलं. मग मी पदराने तोंड पुसलं.

"भाऊजी घरी बसलेत," मी म्हटलं.

"माहीत आहे."

"परवा शनिवार."

"माहीत आहे मला."

"मग चपला घाला."

हे हलले नाहीत. "माझी जागा जाईल."

"जाईल."

"मग मी कोण राहिलो तिथे?"

 मी यांच्या चपला आणून पायांशी ठेवल्या. हे चपलांकडे बघत बसले, मग पाय सरकवून उठले.

भाऊजींचं घर दोन गल्ल्या सोडून आहे.  दार भाऊजींनीच उघडलं. दाढी वाढलेली, सदरा खांद्यावरून उतरल्यासारखा. यांना बघून त्यांचा चेहरा उजळला, ते मला बघवलं नाही. "दादा! या ना, आत या." मागे त्यांची बायको हात पुसत येऊन उभी राहिली.

नाकराव उंबऱ्याबाहेरच थांबले. "आधी बोलतो, मग आत घ्यायचं की नाही ते ठरव. तेल खराबच आलं होतं. मी पास केलं, कारण मला वास येत नाही. तापापासून येत नाही. उद्या साहेबांना सांगणार आहे. पण आधी तुला सांगायला आलो."

 मग भाऊजींची बायको बोलली, आणि आवाज चढवला नाही म्हणून ते जास्तच लागलं. "रात्री उठून बसतात हे. झाकण मीच उघडं टाकलं असेल, मीच टाकलं असेल, म्हणत राहतात. मी विचारते, आठवतंय का तसं? तर म्हणतात, आठवत नाही, पण टाकलं असणार." नाकरावांनी मान खाली घातली. मीही.

भाऊजी अजून दाराची कडी धरून उभे होते. "दादा," ते म्हणाले, "पिंप उतरवलं तेव्हा मला आला होता तो वास. चांगला खवट. मी तुमच्याकडे बघितलं, तर तुम्ही मान हलवलीत. मला वाटलं, माझ्याच हाताला काही लागलंय. नळावर जाऊन साबण लावून हात धुतले मी."

"अरे, मग बोलायचं होतंस!" नाकराव जवळजवळ ओरडलेच. "चौकशीत तरी बोलायचं!"

"तुमच्या नाकापुढे?" भाऊजींनी विचारलं. त्यात टोमणा नव्हता, ते खरंच विचारत होते.

 नाकराव तिथेच उंबऱ्यावर बसले आणि तोंडावर हात घेऊन हुंदके द्यायला लागले. मी खाली वाकले, पण यांच्या पाठीवर हात ठेवायचा धीर मला झाला नाही. भाऊजींची बायको आत निघून गेली. दार उघडंच होतं. भाऊजींनी कडी सोडली आणि ते यांच्या शेजारी उंबऱ्यावर जागा करून बसले.

"उद्या किती वाजता निघायचं?" ते म्हणाले.